वर्दी एक, कायदा एक, मग शिक्षा दोन का?

सैन्याबद्दल काही लिहायचे म्हटले की लोक आधी देशभक्तीचा दाखला मागतात. तो मी जोडणार नाही. आमच्या वस्त्यांमध्ये बाबासाहेबांच्या फोटोशेजारी वर्दीतल्या मुलाचा फोटो लावलेली घरे आहेत. त्यांच्याकडे असा दाखला कुणी मागू नये. ऐन तारुण्यातला मुलगा त्यांनी आधीच देऊन टाकलेला असतो. या घरांतून मुलगा बहुतेक वेळा शिपाई म्हणूनच जातो. त्या शिपायाकडून चूक झाली तर त्याचे काय होते, आणि तीच चूक त्याच्या साहेबाकडून झाली तर काय होते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

अकोला जिल्ह्यात कागदपत्रांच्या कामासाठी फिरताना एक काका भेटले. वय साठीच्या पुढे. जिनिंग फॅक्टरीच्या गेटवर रात्रपाळीचे चौकीदार. मी समाजमंदिरात बसून बायांचे पेन्शनचे अर्ज भरत होते. ते पाहून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडीचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. बारा वर्षे फौजेत काढलेली. सुट्टीवर आले असताना बायकोचे बाळंतपण अडले, अठरा दिवस उशिरा परत गेले. नावावर आधीच्या दोन लाल शाईच्या नोंदी होत्या, हे ते स्वतःच सांगतात, लपवत नाहीत. समरी कोर्ट मार्शल झाले आणि बडतर्फ. जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षांची नोकरी लागते. तीन वर्षे बाकी होती.

"कोर्ट किती वेळ चाललं काका?"

"चहा थंडा व्हायच्या आत झालं, ताई."

मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्याच साली आमचे एक कॅप्टनसाहेब नऊ दिवस उशिरा आले होते. त्यांना वर बोलावलं, समज दिली. पुढं मेजर झाले."

ही एका बाजूची गोष्ट आहे. त्या कॅप्टनची फाइल मी पाहिलेली नाही. त्याचे कारण खरेच मोठे असेल, कुणास ठाऊक. म्हणून काकांची गोष्ट मी तेवढ्यापुरती बाजूला ठेवली आणि कायदाच वाचायला घेतला. वाचल्यावर वाटले, काकांच्या सीओने पक्षपात केला की नाही हा प्रश्नच दुय्यम आहे. पक्षपात व्हायला कुणी दुष्ट असण्याची गरज नाही. तो कलमांत लिहून ठेवलेला आहे.

सेना अधिनियम, 1950 चे कलम 48 घ्या. गुन्हा आहे नशेत सापडण्याचा. ड्यूटीवर असो वा नसो. नशेत सापडलेला माणूस अधिकारी असेल, तर या कलमाखाली त्याला जास्तीत जास्त शिक्षा 'कॅशिअर' करण्याची, म्हणजे अपमानासह पदावरून काढून टाकण्याची. तो अधिकारी नसेल तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. (युद्धसेवेत नसताना किंवा ड्यूटीवर नसताना प्यायला असेल, तर सहा महिन्यांपर्यंत.) दारू तीच, मेसमधली असो की कॅन्टीनमधली. एकाची नोकरी जाऊ शकते, दुसऱ्याला तुरुंग होऊ शकतो.

आता कलम 40 आणि कलम 47 शेजारी शेजारी ठेवून वाचा. वरिष्ठावर हात उगारला, बळाचा वापर केला, तर कलम 40. तो वरिष्ठ त्या वेळी आपले काम बजावत असेल किंवा गुन्हा युद्धसेवेत घडला असेल, तर 14 वर्षांपर्यंत कैद. एरवी 10 वर्षांपर्यंत. वरिष्ठाला नुसते उद्धट बोलले तरी 5 वर्षांपर्यंत. आणि वरिष्ठाने कनिष्ठाला मारले तर? कलम 47. 7 वर्षांपर्यंत. हात तोच, गालही माणसाचाच. खालून वर गेलेला हात वरून खाली आलेल्या हातापेक्षा दुप्पट महाग. वरिष्ठाने कनिष्ठाला आईबहिणीवरून शिवी दिली, तर उद्धट बोलण्यासारखे वेगळे कलम त्याच्यासाठी नाही. 'वाईट वागणूक' या मोघम शब्दात ती बसवता आली तर बसवायची.

हे झाले कोर्ट मार्शलपर्यंत जाणाऱ्या गुन्ह्यांचे. रोजच्या जगण्यात जवानाला जास्त भिडते ते कलम 80. या कलमाखाली कमांडिंग ऑफिसर कोणतेही कोर्ट न भरवता जवानाला 28 दिवसांपर्यंत लष्करी कोठडीतील कैद देऊ शकतो. शिवाय लाइनमध्ये डांबून ठेवणे, जादा ड्यूटी आणि पगारातून दंड हेही त्याच्या हातात. अधिकाऱ्याला अशी कोर्टाविना कैद कुणीच देऊ शकत नाही. त्याच्यासाठी कलम 83 आणि 84 आहेत. तिथे शिक्षा देणारा ब्रिगेड कमांडर किंवा त्याहून वरचा, आणि शिक्षा म्हणजे ताकीद, कडक ताकीद, झालेले नुकसान भरून निघेपर्यंत पगारकपात, किंवा 12 महिन्यांपर्यंत ज्येष्ठता रोखणे. ज्येष्ठता रोखायची असेल तर त्याआधी अधिकाऱ्याला विचारावे लागते: ही शिक्षा मान्य आहे, की कोर्ट मार्शल हवे? ज्याची ज्येष्ठता वर्षभर रोखली जाणार त्याला निवड आहे. ज्याला 28 दिवस डांबले जाणार त्याला नाही.

नोकरीवरून काढण्याचेही तसेच. कलम 19 प्रमाणे अधिकाऱ्याला काढायचे तर निर्णय केंद्र सरकारचा. कलम 20 प्रमाणे शिपायाला ब्रिगेड कमांडरही काढू शकतो. काकांसारख्यांच्या बाबतीत लाल शाईच्या नोंदी हे आणखी एक शस्त्र. चार नोंदी झाल्या की माणूस 'अनावश्यक' ठरवून घरी पाठवायचा, हा प्रघात इतका रुळला होता की 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात सांगावे लागले की चार नोंदी झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही. चौकशी करा, नोकरीची वर्षे पाहा, माणूस कोणत्या कठीण ठिकाणी राबला ते पाहा.

आता काकांच्या 'चहा थंडा व्हायच्या आत' या वाक्याकडे येते.

अधिकाऱ्यावर खटला चालवायचा तर जनरल कोर्ट मार्शल. किमान पाच अधिकारी पंच, सोबत कायदा सांगणारा जज-अ‍ॅडव्होकेट, आणि निकाल वरून कायम झाल्याशिवाय शिक्षा लागू नाही. जवानावर चालवता येते ते समरी कोर्ट मार्शल. कलम 116 म्हणते, कमांडिंग ऑफिसर एकटाच ते कोर्ट. आणखी दोघे बसलेले असतात, पण ते शपथ घेत नाहीत, मत देत नाहीत. कलम 120 प्रमाणे हा एकटा माणूस लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, बडतर्फ करू शकतो. कलम 161 प्रमाणे ही शिक्षा वरून कायम करून घ्यावी लागत नाही, तिथल्या तिथे अमलात येते. आणि या कोर्टापुढे अधिकारी, जेसीओ किंवा वॉरंट ऑफिसर उभा करता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे हे कोर्ट फक्त खालच्यांसाठी.

कुठून आले हे कोर्ट? 1857 च्या उठावातून. त्याआधी कंपनीच्या फौजेत देशी शिपायावरच्या कोर्टात देशी अधिकारी पंच म्हणून बसत. मेरठला काडतुसे नाकारणाऱ्या 85 स्वारांना मे 1857 मध्ये शिक्षा दिली ती 15 देशी अधिकाऱ्यांच्या कोर्टानेच. त्यांच्यावर वरून किती दबाव होता हा भाग निराळा. पण कागदावर तरी आपल्यातली माणसे पंच होती. उठावानंतर इंग्रजांचा देशी माणसावरचा विश्वास उडाला आणि सगळी सत्ता रेजिमेंटच्या एकट्या गोऱ्या साहेबाच्या हाती आली. शिपायाविषयीच्या संशयातून जन्मलेली ही व्यवस्था 1911 च्या इंडियन आर्मी अ‍ॅक्टमधून 1950 च्या कायद्यात आली, आणि आजही आहे.

या कोर्टात काय होऊ शकते ते पाहायचे असेल तर रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार हा 1987 चा निकाल वाचा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो 'शिक्षेचे प्रमाण' या विषयासाठी शिकवतात. मला त्यात दुसरेच काही दिसते. ठाकूर सिग्नल रेजिमेंटमधला जवान. कमांडिंग ऑफिसर वाईट वागवतो, अशी तक्रार त्याने थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली. तक्रार योग्य मार्गाने केली नाही म्हणून त्याच कमांडिंग ऑफिसरने त्याला 28 दिवसांची सक्तमजुरी दिली. बेड्या घालून क्वार्टर गार्डच्या कोठडीत ठेवले. 29 मार्च 1985 ला दुपारी साडेतीन वाजता सुभेदाराने त्याला जेवायचा हुकूम केला. तो जेवला नाही. गुन्हा काय? वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडला. दुसऱ्याच दिवशी, 30 मार्चला, समरी कोर्ट मार्शल बसले. तिथे न्यायाधीश कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार केली होती तो. शिक्षा एक वर्ष सक्तमजुरी, बडतर्फी, वर पुढे सरकारी नोकरीला अपात्र. तेजपूरच्या तुरुंगात रवानगी.

न जेवल्याबद्दल एक वर्ष तुरुंग!

सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे रद्द केले. न्यायाधीश पक्षपाती होता हे एक कारण, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने भयंकर होती हे दुसरे. जवानाला नोकरी आणि थकबाकी परत मिळाली. चांगले झाले. पण तो दिल्लीपर्यंत पोहोचला म्हणून झाले. आणि न्यायालयाने चुकीचा ठरवला तो त्या दिवशीचा वापर. एकट्या साहेबाचे कोर्ट त्यानंतरही तसेच राहिले. 2016 मध्ये विश्वप्रिय सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद असला पाहिजे, तातडीची खरी गरज असेल तरच. म्हणजे 1857 नंतर सुमारे दीडशे वर्षांनी आपण 'अपवाद' या शब्दापर्यंत आलो.

दाद कुठे मागायची? 1982 च्या पृथीपालसिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलवर अपील नाही याबद्दल खंत व्यक्त केली होती. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला 2007 मध्ये. त्या कायद्यातली एक ओळ फारशी कुणी वाचत नाही: समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी झाली असेल किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली असेल, तरच सेवाविषयक बाब म्हणून न्यायाधिकरणाकडे येता येते. एकट्या साहेबाने तीन महिने तुरुंगात टाकले, तर ते न्यायाधिकरणाच्या दृष्टीने किरकोळ!

समाजशास्त्र शिकताना 'स्तरीकरण' हा शब्द मी वर्गात ऐकला. पण तो कळला तो बाबासाहेबांच्या श्रेणीबद्ध विषमतेच्या मांडणीतून. वरच्याला जास्त अधिकार, खालच्याला कमी, एवढेच तिचे स्वरूप नाही. एकाच कृत्याची किंमत कोणी कोणाला केले यावरून ठरते, हे तिचे मर्म. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीचे दर आहेत. ब्राह्मणाला शिवी दिली तर क्षत्रियाला 100 पण दंड, वैश्याला 150 किंवा 200, शूद्राला मात्र शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणाने शिवी दिली तर क्षत्रियासाठी 50, वैश्यासाठी 25, शूद्रासाठी 12. वरून खाली येताना पैशात भागते, खालून वर जाताना शरीर द्यावे लागते. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे जाळले त्यात हा दरही जळाला, असे आपण समजतो. कलम 40 आणि 47 शेजारी ठेवून वाचले की मला ते इतके पक्के वाटत नाही.

हुद्दा म्हणजे जात नव्हे, हे मला कळते. जातीत शिरता येत नाही, हुद्द्यावर चढता येते. शिपायाचा अधिकारी झालेली माणसे आहेत. तरी प्रश्न उरतोच. बारावी करून भरतीच्या मैदानात धावणारा मुलगा आणि इंग्रजीतून मुलाखत देऊन अकादमीत जाणारा मुलगा कोणकोणत्या घरांतून येतात, हे आपल्याला सांगायला आकडेवारी लागत नाही.

या विषयावर बोलले की उत्तर ठरलेले असते: शिस्त. सीमेवर गोळ्या चालू असताना हुकूम मानायचा की नाही यावर मतदान घेता येत नाही. कबूल. शंभर टक्के कबूल. हुकूम देण्याच्या अधिकारात समानता कुणीच मागत नाही. पण हुकूम देणे वेगळे आणि न्याय करणे वेगळे. संविधानाचे कलम 33 संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करू देते, तेही कर्तव्यपालन आणि शिस्त यांसाठी. नशेतल्या कॅप्टनला कैद न होणे आणि नशेतल्या नाइकाला होणे, यातून कोणती शिस्त वाढते? शिस्तीचाच विचार केला तर नशेतला कॅप्टन जास्त धोक्याचा. त्याच्या हुकमावर शंभर माणसे चालतात.

दुसरे उत्तर जरा हुशारीचे. अधिकाऱ्यांना उलट जास्त कडक नियम आहेत, ते म्हणतात; कलम 45 प्रमाणे पदाला न शोभणारे वर्तन केले एवढ्यावरून अधिकाऱ्याला घरी पाठवता येते. खरे आहे. मनुस्मृतीचे वकीलही हेच करतात. चोरीसाठी शूद्राला आठपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट दंड सांगितला आहे, हा श्लोक ते काढून दाखवतात. वरच्याकडून जास्त अपेक्षा ठेवणे ही वरच्या पदाचीच शोभा असते. खालच्याला त्याने न्याय मिळत नाही.

तिसरे उत्तर प्रामाणिक आहे, म्हणून त्याची नोंद घेते. अधिकाऱ्यांना शिक्षा होतच नाही असे नाही. 2010 च्या माछिल बनावट चकमकीत कोर्ट मार्शलने कर्नल आणि कॅप्टन यांनाही जन्मठेप दिली होती. 2017 मध्ये न्यायाधिकरणाने ती स्थगित करून जामीन दिला, हेही खरे. आणि आपल्या मुंबईत, कुलाब्यात, 31 मजल्यांची 'आदर्श' इमारत उभी आहे. तिच्यात दोन माजी लष्करप्रमुख आणि एका माजी नौदलप्रमुखाचे फ्लॅट होते. बोभाटा झाल्यावर त्यांनी फ्लॅट परत करण्याची तयारी दाखवली. अठरा दिवस परत करण्याची सोय काकांना नव्हती.

हे सगळे आत घडत असताना बाहेर आवाज का येत नाही? येतो तेव्हा काय होते ते पाहिले आहे. 2017 च्या जानेवारीत सीमा सुरक्षा दलातल्या तेजबहादूर यादव यांनी करपलेली रोटी आणि पाण्यासारखी डाळ कॅमेऱ्यावर दाखवली. (हे दल गृहखात्याचे, त्याचा कायदा वेगळा, पण तिथेही खालच्यांसाठी समरी कोर्ट आहेच.) एप्रिलमध्ये ते बडतर्फ झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या देवळालीच्या छावणीत केरळचा एक जवान मृतावस्थेत सापडला. साहेबांच्या घरची कामे करायला लावणाऱ्या सहायक पद्धतीवरच्या एका छुप्या चित्रणात तो बोलला होता. ते चित्रण करणाऱ्या पत्रकार बाईंवर सरकारी गुपिते फोडल्याचा गुन्हा लागला. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. साहेबाच्या कुत्र्याला फिरवणे हे सरकारी गुपित कसे, हे मला अजून कळलेले नाही. नौदलात आणि हवाईदलात अशी सहायक पद्धत नाही, आणि त्यांची शिस्त काही बिघडलेली नाही.

2022 पासून अग्निवीर आले. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुले ठेवणार, बाकीची घरी. कुणाला ठेवायचे हे ठरवताना वरच्यांचा शेरा मोजला जाणार. असा मुलगा चार वर्षांत कलम 47 खाली तक्रार करील?

मागण्या काही जगावेगळ्या नाहीत. कलम 48 मधला अधिकारी आणि इतर हा भेद काढा. कलम 40 आणि 47 ची कमाल शिक्षा सारखी करा. 28 दिवस डांबण्याआधी जवानाला विचारा, ही शिक्षा हवी की कोर्ट मार्शल. ज्या ब्रिटिशांनी हे आपल्याला दिले, त्यांच्या आजच्या फौजेत शिपायाला ही निवड आहे आणि अपिलाचे वेगळे कोर्टही आहे. अमेरिकेत शिपायाने मागणी केली तर कोर्ट मार्शलच्या पंचांत किमान एक तृतीयांश त्याच्यासारखे, अधिकारी नसलेले सैनिक बसवावे लागतात. आपल्याकडे एकही बसत नाही. आणि एकट्या साहेबाचे कोर्ट शांततेच्या काळात बंदच करा.

एका कार्यकर्त्या मित्राने मला अडवले होते: "1950 मध्ये कायदामंत्री बाबासाहेबच होते ना?" होते. कायदा संरक्षण खात्याचा होता, जुन्या साच्यातला होता, आणि त्या दिवसांत ते हिंदू कोड बिलासाठी एकटे लढत होते. पण समजा हे काहीच नसते, तरी त्यांच्या काळात झालेला कायदा तपासायचा नाही, असे त्यांनी आपल्याला कुठे शिकवले?

काकांच्या कागदावर 'गिल्टी' असे टाइप केलेले आहे. सेना नियम 115 सांगतो की गुन्हा कबूल करणाऱ्याला आधी त्याचा अर्थ आणि परिणाम समजावून सांगायचा. कुणी सांगितले का, असे मी त्यांना विचारले. "उभं राह्य म्हटलं, उभा राह्यलो," ते म्हणाले. मुदत कधीच उलटून गेली आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. तरी विलंब माफ करण्याचा अर्ज करू, असे आम्ही ठरवले. त्यासाठी आधी कोर्टाची पूर्ण नक्कल हवी. माहिती अधिकारातला पहिला अर्ज पोस्टाने गेला आहे. त्यांचा नातू या वर्षी भरतीची तयारी करतो आहे. पावती त्यानेच जपून ठेवली आहे.